श्वास कापायचा नाही

बातमी सीनाने दिली. सुहासची गाणी गाणारी ही बाई मेलबर्नच्या वेरिबी उपनगरात त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. लॉकडाउनमध्ये ती रोज दुपारी त्याच्या दाराशी डबा ठेवून जायची. एक दिवस पाहते तर कालचा डबा तिथेच, झाकणही न उघडलेलं. तिने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. दोन दिवसांनी, मी घरून ऑफिसची मीटिंग करत असताना, तिचा फोन आला. तिला बोलताच येईना... नुसता एक लांब श्वास ऐकू आला, आणि मला सगळं कळलं. असं ऐकायला मला सुहासनेच शिकवलं होतं.

आम्ही दोघं पुण्याहून एकाच वर्षी इंजिनिअर व्हायला मेलबर्नला आलो. मी झालो. तो दुसऱ्या वर्षी एका चर्चमध्ये माइक लावायच्या कामाला गेला आणि तिथलं गाणं ऐकून युनिव्हर्सिटी सोडून बसला. सोल म्युझिक, म्हणजे चर्चच्या गाण्यातूनच निघालेलं आत्म्याचं संगीत, लिहायचं आणि रेकॉर्ड करायचं, एवढंच त्याने ठरवलं. त्याची आई कोथरूडला गाणं शिकवते. मुलगा सोलचं काम करतो, असं काकू अभिमानाने सांगायच्या, आणि अख्ख्या सोसायटीचा समज झाला की तो बुटांच्या कारखान्यात आहे. शेजारच्या आजोबांनी तर पायाचं मापही कळवलं होतं! सुहासला ही गोष्ट फार आवडायची. खोटं काय त्यात, चपला झिजवतोच आहे की, म्हणायचा. आणि खरंच त्याने झिजवल्या. कित्येक वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी लिहिली, कव्हरवर नाव त्यांचं, याचं मागे बारीक अक्षरांत. मग त्याने गॅरेजमध्ये स्वतःचा स्टुडिओ केला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर काकूंनी पाठवलेल्या गोधड्या टांगल्या, आणि तिथे सीनाचे तीन अल्बम झाले.

रेकॉर्डिंगमध्ये दोन ओळींमधला गाणाऱ्याचा श्वास कचरा समजून काढून टाकतात. सुहास काढू द्यायचा नाही. सीनाचं रेडिओवर गाजलेलं गाणं तिच्या श्वासानेच सुरू होतं. रेडिओवाल्यांनी ती फाइल बिघडलेली समजून परत पाठवली, तेव्हा या पठ्ठ्याने तीच फाइल नाव बदलून पुन्हा पाठवली. त्याचे ट्रॅक साफ करायचं काम मी हौसेने करायचो. एकदा मी श्वास काढले, तर महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस स्वतःच फोन करून म्हणाला, “नंदू, शब्द मी लिहून दिलेले असतात रे. श्वास तेवढा तिचा असतो. तो कापायचा नाही.”

लॉकडाउनच्या त्या सप्टेंबरात घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी होती. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि सीनालाही गॅरेजमध्ये यायची परवानगी नव्हती. तिला नवी गाणी शिकता यावीत म्हणून सुहास ती स्वतः गाऊन मला पाठवू लागला. स्वतःच्या आवाजाची त्याला लाज वाटे, कोणाला ऐकवू नकोस अशी तंबी होती. आठ दिवसांत चार गाणी आली. याच दिवसांत त्याचे फोन बंद झाले, नुसते मेसेज येऊ लागले. हे-फिव्हर आहे, दरवर्षीची परागकणांची सर्दी, असं त्याने लिहिलं, आणि मी मान डोलावली. पहिल्या गाण्यात त्याच्या नेहमीच्या लांबलचक ओळी होत्या. तिसऱ्यात एकेक ओळ चार शब्दांची झाली, चौथ्यात दोन. मला ते आवडलं. ओळी छोट्या केल्यास, मस्त मोकळं वाटतंय, असं मी त्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, “हो. आता जागा लागते रे.” मी समजलो, गाण्यातली जागा.

आणि श्वास? ते मी कापले. सॉफ्टवेअरमध्ये त्याचं एक बटण असतं. दोन मीटिंगांच्या मधे चारही गाण्यांवर ते दाबलं आणि फाइली सीनाला पाठवून दिल्या. नुसतं शिकण्यापुरतं तर आहे, कोण ऐकणार...

अंत्यविधी स्क्रीनवर पाहिला. तिथे मोजून दहा माणसं होती, आणि आवाज सारखा तुटत होता. हा आता उठून माइक नीट करेल, असं मला शेवटपर्यंत वाटत राहिलं.

तीन आठवड्यांनी धीर करून मी मूळ फाइली उघडल्या. पहिल्या गाण्यात काही नाही. दुसऱ्यात ओळीच्या मधेच एक श्वास, जिथे तो घ्यायची गरज नव्हती. चौथ्यात प्रत्येक शब्दाआधी हवा ओढल्याचा आवाज, जड सामान घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखा. एका शब्दासाठी दोन-दोन वेळा. ओळी त्याने चालीसाठी छोट्या केल्याच नव्हत्या. दुसरं गाणं मी नुसतं कान देऊन ऐकलं असतं तरी इथून ॲम्ब्युलन्स बोलावता आली असती. तो वाचला असता का, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. माझी हिंमत होत नाही.

गेल्या आठवड्यात काकूंनी त्याचं गाणं मागितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना गाणं शिकवलं, पण स्वतःच्या मुलाला गाताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी चौथं गाणं पाठवलं, साफ केलेलं. त्यांना त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “सूर चांगला आहे रे. माझ्यापासून लपवून ठेवलं मेल्याने...” सवयीने तोंडातून गेलं आणि त्या थांबल्या. मग त्यांनी विद्यार्थ्याची चूक दाखवावी तशा आवाजात विचारलं, “पण नंदू, एवढ्या गाण्यात हा श्वास कुठे घेतोय?”

समोर लॅपटॉपवर दोन्ही फाइलींच्या आवाजाचे आलेख उघडे होते. एकीत दोन शब्दांच्या मधे सरळ, सपाट रेघ. दुसरीत त्याच जागी बारीक बारीक उंचवटे.

“तो माझ्याकडे आहे, काकू,” मी म्हणालो. “पाठवतो.”

अजून पाठवलेला नाही.