चराईबंदी उठली त्या दिवशी

माझं माहेर आर्णीपासून जवळच. गावाच्या वरच्या अंगाला ई-क्लासची जमीन होती, म्हणजे सगळ्या गावाची गुरं चरायची ती सरकारी जागा. सकाळी बायका आपापली जनावरं आखरावर, गुरं गोळा व्हायच्या जागी नेऊन सोडत आणि गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, ती हाकत वर नेई. आईची तांबडी गाय कायम सगळ्यांच्या पुढे. तिचं आईला भारी कौतुक. आम्हां लेकरांचं तेवढं कधी झालं नाही, हे मी आजही बोलून दाखवते.

मग एका कंपनीनं तिथे झाडं लावायचं ठरवलं. जागा ग्रामपंचायतीनं द्यायची, रोपं वनखात्यानं, खर्च आणि राखण कंपनीची. पाच वर्षं चराईबंदी. ग्रामसभेत बाबांसकट सगळ्यांनी बिनघोर हात वर केले, कारण कुंपणांचा आमच्या गावाला दांडगा अनुभव. आधीच्या प्रत्येक वृक्षारोपणाची तार पुढच्या पोळ्यापर्यंत कोणाच्या ना कोणाच्या वावराला लागलेली असायची आणि गुरं पुन्हा आत.

"सरकारी कुंपण हाय, किती दिवस टिकते?" बाबा हसत म्हणाले.

हे मात्र कंपनीचं निघालं. सिमेंटचे खांब, जाळी, फाटकाला कुलूप. राखणदारही परगावचा, त्यामुळे ओळख काढून आत शिरायची सोय नाही. गवत कापून न्यायला परवानगी होती, खोटं कशाला बोलू? पण विळा घेऊन रोज चढ चढायला आईचे गुडघे तयार नव्हते. गायकी काम शोधत आर्णीला गेला, तो तरी काय करणार! गाय अंगणात खुंट्याला, कुटाराच्या सुक्या चाऱ्यावर. सकाळी आखराची वेळ झाली की हंबरायची, ते मला फोनवर ऐकू यायचं.

"तुमी हात वर केला तवा तिले इचारलं होतं काय?" आई बाबांना म्हणाली. "अन् मले तरी?"

शेवटी गाय बोरी अरबला मामाकडे दिली. तिथे ती फार जगली नाही. मला कंपनीचा राग येतो, पण धड येतही नाही. झाडं त्यांनी खरंच जगवली. कडुनिंब, करंज, बांबू, खाली मांडीएवढं गवत. राग कोणावर काढावा कळत नाही आणि हळहळ काही जात नाही.

यंदा मुदत संपली. फाटक उघडायचा कार्यक्रम ठेवला. मांडव, हार, साहेबलोक. गुरं आत जातानाचा फोटो हवा होता आणि गावात चरायला जाणारं जनावरच उरलं नव्हतं. सरपंचांनी शेजारच्या गावातून टेम्पोत गायी आणवल्या.

ओवाळायला आईला पुढे केलं. तिनं कुंकू लावलं, पण जागा अनोळखी. पुढची गाय फाटकातच अडली. साहेब घड्याळ बघू लागले. तेव्हा आईच तिच्या पाठीवर हात ठेवून, चुचकारत तिला आत घेऊन गेली. फोटो छान आले म्हणतात.

कार्यक्रम आटोपला. टेम्पोवाला गायी चढवायला आला, तर आई अजून गवतातच उभी, हात त्या गाईच्या वशिंडावर.

"राहू दे ना बाप्पा थोडा वेळ," ती त्याला म्हणाली. "पोटभर खाऊ दे तिले. आता हे गवत कोनासाठी हाय?"

टेम्पोवाल्याला पुढचं भाडं होतं.