आईनं ब्रेकला लावलेलं कुंकू

माझी आई एक दोष डोक्यावर घेऊन गेली. तो तिचा नव्हता.

आज तिचं वर्षश्राद्ध. गावी, भूमला, जेवणं उरकली, पाहुणे एसटीला गेले, आणि धाकट्या भावानं, महेशनं, मला त्याच्या वर्कशॉपमध्ये बोलावून जे सांगितलं ते इथं लिहिते आहे.

इथंच, माझ्या याच पेजवर, लिहायला हवं. कारण आईवर सगळ्यांना हसवलं ते मी इथंच.

महेशची इलेक्ट्रिक बाइक बऱ्याच जणांना आठवत असेल. स्कूटी नव्हे. दणकट, मोठ्या मोटरची मोटरसायकल, त्यानं दोन मित्रांबरोबर स्वतः बनवलेली. येरमाळ्याच्या घाटात पेट्रोलच्या गाड्यांना मागं टाकायची.

आईचं तिच्याबद्दल एकच गाऱ्हाणं.
"आवाजच न्हाय तिला. आली हे म्हशीला कळायचं कसं?"

अशी गाडी विकायची तर आधी रस्त्यावर चालवायची मंजुरी लागते. त्यासाठी पुण्याला टेस्टिंग होतं.

बाइक टेम्पोत चढवायच्या आधी आईनं पूजा केली. नारळ, लिंबू, सगळं रीतसर. कोरडं कुंकू चकचकीत डिस्कवर टिकेना, म्हणून तिनं ते गोड्या तेलात कालवलं आणि दोन्ही चाकांना बोटं ओढली.

डिस्क म्हणजे चाकातली ती लोखंडी चकती. ब्रेक मारला की पॅड तिला दोन्हीकडून आवळतात आणि गाडी थांबते. तिथं तेलाचा थेंबही चालत नाही.

आईला ती गाडीतली सगळ्यात देखणी जागा वाटली होती, एवढंच.

पुण्यात बाइक ब्रेकच्या टेस्टला नापास झाली.

महेशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज बसलेला. "फेल झालो, ताई. आईनं तेल-कुंकू लावलं ना डिस्कला. ब्रेक धरलाच नाही."

मी लेखिका. मला त्यात विषय दिसला.

त्याच दिवशी मी पोस्ट टाकली. 'आमच्या आईच्या भक्तीपुढं ब्रेकनंही हात टेकले', असं काहीतरी. तुम्ही भरभरून हसलात. कुणी तर लिहिलं, काकूंना कंपनीत घ्या.

शेजारच्या सुमननं ती पोस्ट आईला वाचून दाखवली. आईनं मला फोन केला. "चांगलं लिहिलंयस," म्हणाली. मग विचारलं, "लई नुकसान झालं का गं त्याचं?"

मी म्हटलं, "जाऊ दे गं आई आता."

मला ते प्रेमाचं वाटलं होतं. पण 'जाऊ दे' आपण चुकलेल्या माणसालाच म्हणतो. तिनं ते तसंच ऐकलं असणार.

पुढं मी धाराशिवला स्कूटी घेतली आणि आईला दाखवायला भूमला नेली. आई ताट घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. तिथंच थांबली. ताट सुमनच्या हातात दिलं.

"तूच लाव गं. माझा हात नको."

मी हसत म्हटलं, "लाव की, हिचे ब्रेक कंपनीचे आहेत."
सुमन हसली. आई पण हसली, आम्ही हसलो म्हणून.

त्यानंतर ती गल्लीतल्या कुणाच्याच नव्या गाडीला कुंकू लावायला गेली नाही. बोलावणं आलं की गुडघे दुखतात म्हणायची. मी ते गुडघ्यांवरच ढकललं. डॉक्टर बदलले.

आज महेश म्हणाला, "ताई, डिस्कला तेल नव्हतंच."

पुण्याला तो एकटाच गेला होता. पोचल्यावर त्यानं दोन्ही डिस्क आणि पॅड नवे बसवले होते. कुंकवाचे जुने टेम्पोतच पडून होते. टेस्ट झाली ती कोऱ्या ब्रेकवर.

मग नापास का झाली?

कारण ब्रेकच छोटे होते. हलक्या बाइकचे. महेशचा भरवसा मोटरवर होता. इलेक्ट्रिक गाडीत आपण अ‍ॅक्सिलरेटरची मूठ सोडली की मोटरच गाडीला मागं ओढते आणि त्यातली वीज बॅटरीत परत जाते. पण बॅटरी आधीच फुल असेल तर ती वीज घेत नाही, आणि मोटरही ओढत नाही. त्या दिवशी त्यानं बॅटरी काठोकाठ भरून नेली होती. सगळा भार त्या छोट्या ब्रेकवर आला. एकामागून एक ब्रेक मारत गेले तसे ते तापले आणि धरेनासे झाले.

मित्र सुरुवातीपासून सांगत होते, मोठे ब्रेक घे. यानं ऐकलं नव्हतं. वजन वाढेल, पुढचं चाक बोजड दिसेल म्हणून.

"त्यांच्यापुढं माझं चुकलं म्हणायला तोंड उघडेना. कुंकवाचं पटकन सुचलं. मग तू लिहिलंस, सगळीकडं तेच झालं. मागं फिरता येईना."

आता पुढच्या चाकाला दोन मोठ्या डिस्क आहेत, जोरात ब्रेक मारला तरी चाक अडकू न देणारं एबीएस आहे. या महिन्यात बाइक पास झाली.

मी विचारलं, आईला कधी सांगितलंस?

तो म्हणाला, "रोज सांगणार होतो. चहा देताना रोज विचारायची, जमलं का रे ब्रेकचं."

मी त्याच्यावर ओरडणार होते. ओरडले नाही. त्यानं एक खोटं दोन मित्रांना आणि मला सांगितलं. गावभर केलं मी. आणि त्याच्याकडं निदान भीती होती. माझ्याकडं काय होतं? लाइक.

"तू लिही, ताई," तो म्हणाला. "माझ्या नावासकट लिही."

म्हणून लिहिलं. तेव्हा जे हसलात त्यांच्याकडं एकच मागणं. तो किस्सा पुढं कुणाला सांगितला असेल, तर हेही त्याला सांगा.

आई, ब्रेक तुझ्यामुळं फेल झाले नव्हते.
तुझा हात चांगला होता.

मान खाली घालून, तुला नमस्कार.