सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही

शिक्षा भोगून झाली तरी गुन्हा नावावर राहतोच. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी नोकरीला असताना एका पार्टीत मी भरपूर प्यायलो, तशीच गाडी काढली आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका शाळेतल्या बाईंना उडवलं. थांबलोही नाही. तुरुंगात जाऊन आलो, पुन्हा नोकरी मिळवली, पण सिटिझनशिप अडली. ती मिळाल्याशिवाय भारतात एकट्या पडलेल्या आईला आणता येईना. वकील म्हणाला, राज्याच्या माफी बोर्डाकडे अर्ज करा, आणि सुनावणीला तुमच्याबद्दल चांगलं बोलणारं कुणीतरी आणा.

मी काकांना नेलं. काका म्हणजे आमच्या गावातले सगळ्यांत जुने मराठी डॉक्टर. आम्हा पोरांची निम्मी लग्नं त्यांनीच जमवलेली. ती पार्टीही त्यांच्याच घरी होती, पण तो विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नव्हता. काकूंनी मिल्क पावडरचे पेढे करून डबा मांडीवर घेतला होता. माफी मिळाल्याबरोबर वाटायला! मला डबा बघूनच धडकी भरली.

"यू डोन्ट वरी," गाडी चालवता चालवता काका म्हणाले. "तू फक्त मान खाली घालून बस. मी हँडल करतो."

मी बसलो. मला तेच हवं होतं.

सुनावणीच्या हॉलमध्ये त्या शाळेतल्या बाई पुढच्याच रांगेत होत्या. खुर्चीला काठी टेकवलेली. काका उठले, ब्लेझरचं बटण लावलं आणि मुलीकडच्यांसमोर बोलावं तसे सुरू झाले. घराणं उत्तम, वडील हेडमास्तर होते, मुलगा पहिल्यापासून हुशार, स्वयंपाकसुद्धा येतो. शेवटी ठेवणीतलं वाक्य त्यांनी इंग्रजीत करून टाकलं: याला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. बोर्डावरच्या एकानं सुपारी म्हणजे काय ते विचारलं. काकांनी ते हौसेनं समजावलं. दारू पिऊन माणूस उडवणाऱ्याबद्दल हे चाललं होतं, आणि ते माणूस समोर बसलेलं होतं. लाजेनं माझे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग बोर्डानं बाईंना विचारलं, तुमची हरकत आहे का?

"नाही," काठीवर भार देऊन उठत त्या म्हणाल्या. "पण कोर्टात त्याचा वकील बोलला. आज हे गृहस्थ बोलले. मला ज्यानं उडवलं, त्याचा आवाज मी अजून ऐकलेला नाही."

काका हात जोडून पुन्हा अर्धे उठले. "मॅडम, ऑन हिज बिहाफ..."

मी त्यांची बाही ओढली. वडीलधाऱ्या माणसाला असं मी जन्मात कधी बसवलं नव्हतं.

"काका, बसा."

कोर्टात माझ्या वकिलानं सांगितलं होतं की धडक माणसाला बसली हे याला कळलंच नाही. ते तसंच राहू दिलं असतं तर माफी जवळजवळ खिशात होती. मी उभा राहिलो.

"मी प्यायलो होतो," मी म्हणालो. "आणि तुम्ही पडलेल्या मला आरशात दिसल्या होत्या. दिसूनही मी गेलो. आय अ‍ॅम सॉरी."



"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुझी गाडी क्षणभर हळू झाली होती."

काकूंनी डबा पिशवीत घातला. 

माफी पुढे मिळाली. बऱ्याच काळानं सिटिझनशिप झाली, आईही आली. अपघाताचं तिला मी काहीच कळवलं नव्हतं. तिला घ्यायला काका एअरपोर्टवर आले होते. तिच्या गळ्यात हार घालून ते कौतुकानं म्हणाले, "वहिनी, मुलगा हिरा आहे हो तुमचा. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही."

आईनं भरल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिची बॅग उचलली आणि गाडीकडे चालू लागलो.