रिव्काच्या नावाची मेणबत्ती

ओनामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेव्हन ॲव्हेन्यूवर एका किराणा दुकानाबाहेर इराक युद्धाविरुद्धची पत्रकं वाटत होते. फोनवर तिचा मुलगा व्हीतास होता. "आई सकाळी गेली, झोपेतच," म्हणाला, आणि जरा थांबून, "संपलं तिचं ते भांडण." माझं डोकं फिरलं. भांडण कुठे संपलं होतं? भांडणारी गेली होती.

ओनामावशी माझी घरमालकीण. नागपूरहून शिकागोला शिकायला आले आणि शहराच्या दक्षिणेला, लिथुआनियन लोकांच्या जुन्या वस्तीत, तिच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. मी तिला मावशी म्हणू लागले; मावशी म्हणजे आईची बहीण, हे सांगितल्यावर म्हणाली, "चालेल. पण आईला कळव, तिची मुलगी जिना झाडत नाही." लिथुआनियातल्या तिच्या गावी समोरच्या घरात शिंप्याची मुलगी राहायची, रिव्का, तिच्याच वयाची. १९४१च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा आल्या आणि गावातल्या ज्यूंना रानात नेऊन गोळ्या घातल्या. नेणाऱ्यांत दंडाला पांढरी पट्टी बांधलेली गावचीच पोरं होती, आणि त्यांत मावशीचा थोरला भाऊ योनास. पुढे रशियनांनी योनासला सैबेरियात धाडलं, तो तिथेच मेला... आणि शिकागोतल्या या वस्तीसाठी हुतात्मा झाला.

दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, वस्तीच्या सभागृहात युद्धात गेलेल्यांची नावं पुकारतात. नाव घरच्याच माणसानं घ्यायचं, मग अध्यक्ष त्याच्या हाती मेणबत्ती देतात, अशी रीत. योनासचं नाव वर्षानुवर्षं मावशीच घेई. गेल्या वर्षी मी सोबत होते. तिनं भावाची मेणबत्ती लावली आणि जागेवर परत न येता म्हणाली, "रिव्का." खुर्च्या करकरल्या. अध्यक्ष इंग्रजीत बोलले, बहुधा मलाही कळावं म्हणून.

"ओना, इथे घरचे नाव घेतात. तिच्या घरचं कोण आहे?"

"कोणी नाही. का नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"आज आपल्या लोकांचा दिवस आहे."

"ती माझ्या समोरच्या घरातली. तुम्ही तर दुसऱ्या जिल्ह्यातले."

कोणी हसलं नाही. मेणबत्ती मिळाली नाही. व्हीतासनं खाली मान घालून तिला दंडाला धरून जागेवर आणलं.

मी पत्रक काढायला निघाले होते. "यार, त्यांच्या भानगडीत तू कशाला?" असं माझा पुण्याचा मित्र म्हणाला. कशाला म्हणजे? मारणारा आपला निघाला की आपल्याकडेही आठवणींना असंच कुलूप लागतं! पण मावशीनंच अडवलं. "तू वाटलंस की बाहेरच्यांचं कारस्थान ठरेल. हे आमच्यातल्याच कुणीतरी, तिथेच उभं राहून म्हणायला हवं." मग कप विसळणाऱ्या व्हीतासकडे वळली. "माझ्यामागे मामाचं नाव तुला घ्यायचंय. दोन मेणबत्त्या माग. दोन नाहीत, तर एकही नको."

"ममा, मला या लोकांत राहायचंय. माझी दुरुस्तीची अर्धी कामं त्यांच्याच घरांची आहेत."

"राहा की," ती म्हणाली. "मीही राहिलेच."

तो कप विसळत राहिला. यंदा ऑक्टोबरात ती गेली. नोव्हेंबरात मी सभागृहात मागच्या रांगेत बसले होते, आणि खरं सांगते, त्याच्याकडून मला काडीचीही आशा नव्हती. पाळी आली. तो पुढे गेला. नाव घेतलंच नाही. "दोन द्या," म्हणाला.

अध्यक्षांनी एक पुढे केली. "आईचं दुःख ताजं आहे, व्हीतास. ही घे आणि बस."

व्हीतासनं हात पुढे केला नाही. "मग राहू द्या," म्हणाला, आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर. पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "हुतात्म्याचा भाचा शोभतोस." घरापर्यंत त्याची गाडी मी चालवली.

मावशीच्या स्वयंपाकघरात वीज गेल्यावर लावायच्या मेणबत्त्या होत्या, त्यातल्या त्यानं दोन काढल्या. एक पेटवली. "रिव्का," असं म्हणाला, चुकीच्या जागी जोर देऊन, कारण हे नाव त्यानं आयुष्यात कधी उच्चारलंच नव्हतं. दुसरी बराच वेळ हातात धरून बसला. "मामाची?" मी विचारलं. "थांबू दे त्याला," तो म्हणाला.

ती दुसरी अजून तिच्या टेबलावर पडून आहे, वात कोरी. खाली गेले की दिसते. मी तिला हात लावत नाही. ते घरच्यांनी ठरवायचं.