टीपॉयची जागा

जयपूरच्या बनी पार्कातल्या आमच्या घराची समोरची खोली नव्या पद्धतीनं सजवायला जी तरुणी आली, तिनं सर्वांत आधी टीपॉयला हात लावला.

"काका, हा इथे का? दारातच? माणूस अडखळेल ना."

ती पुण्याची होती. जुनी, आगळीवेगळी घरं विकून देणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होती, आणि विक्रीआधी घर नटवणं हेही तिच्याच कामात मोडत होतं. तो टीपॉय आतल्या दाराशी माझ्या इच्छेनं ठेवलेला आहे व आजवर त्याला कोणी अडखळलेलं नाही, असं मी तिला सांगितलं. माझी मुलगी त्याच दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "उचला तो. तिथे का होता ते मी सांगते तुम्हाला, चहा घेताना."

टीपॉय मागच्या शेडमध्ये गेला.

घर कोणाचं, हे आधीच स्पष्ट करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. घर मुलीचं आहे. मीच ते तिला बक्षीसपत्रानं दिलं व रीतसर नोंदवलं. त्यात अट एकच: समोरची खोली आणि तिला लागून असलेलं न्हाणीघर, यांत मी व माझी पत्नी हयात असेपर्यंत राहू. पत्नी गेली, अट माझ्यापुरती उरली. म्हणजे मुलीला घर विकण्याचा अधिकार होता, पण माझा हक्क मी सही करून सोडला तरच गिऱ्हाइकाला मोकळं घर मिळणार होतं. तिला ते मोकळं करून हवं होतं. जगतपुऱ्याकडे एका उंच इमारतीत तिनं फ्लॅट पाहून ठेवला होता.

"किती खोल्यांचा?" मी विचारलं.

"एक बेडरूम."

"आणि मी?"

"गोपालपुऱ्याच्या पुढे एक जागा बघितली आहे. चांगले लोक आहेत. मतलब, तुमच्याच वयाचे."

"सही मिळणार नाही."

"माहिती आहे, बाबा. विचारून ठेवलं."

मुलगी पन्नाशीला आलेली आहे. अविवाहित आहे. बँकेत घरकर्जांची कागदपत्रं तपासते. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड आहे; लहानपणी हाड मोडलं, सांधलं, पण वाढायचं राहून गेलं. उभी असली की फरक दिसत नाही, चालली की दिसतो. टीपॉयची हकीकत इथून सुरू होते.

आम्ही मूळचे वऱ्हाडातले. रेल्वेच्या बदलीनं जयपूरला आलो आणि इथलेच झालो. मुलीला दाखवायला घेऊन गावोगाव फिरणं मला मान्य नव्हतं. ज्यांना पाहायची असेल त्यांनी यावं, अशी माझी भूमिका होती, आणि लोक येतही. स्थळं बहुतेक रेल्वेतलीच असत, त्यांच्याकडे पास असे आणि जयपूर पाहण्याची हौस असे. हवामहल आणि मुलगी एकाच फेरीत उरकत. सकाळच्या गाडीनं उतरत, स्टेशनापासून आमचं घर जवळ, अंघोळी आमच्याकडेच होत. मग मंडळी समोरच्या खोलीत बसत. सोफा मी असा लावला होता की पाहुण्यांची तोंडं खिडकीकडे, बाहेरच्या कडुलिंबाकडे राहावीत. टीपॉय आतल्या दाराला लागून. मुलीनं ट्रे घेऊन दोन पावलं टाकायची, ट्रे ठेवायचा आणि शेजारच्याच खुर्चीवर बसायचं. मी तिला आदल्या दिवशी सांगून ठेवत असे: हिरवी साडी नेस, विचारतील तेवढंच बोल.

मी कोणाशी खोटं बोललो नाही. पाय कसा आहे, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. हे माझं तेव्हाचं मत होतं व आजही आहे. घर मुलीच्या नावे केलेलं आहे, हे मात्र मी स्थळांना आपण होऊन पत्रानं कळवत असे. त्याला हुंडा म्हणता येणार नाही. हुंडा देणं गुन्हा आहे. बापानं मुलीला घर देणं गुन्हा नाही.

एकदा भुसावळहून आलेल्या मुलाची आत्या चहा पिता पिता म्हणाली, "पडदा काय सुरेख आहे ग. जा बरं, त्या खिडकीपाशी उभी राहून जरा पसरून दाखव मला." मुलगी उठली. खिडकी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ती पोचायच्या आतच आत्याबाईंनी बशी खाली ठेवली आणि म्हटलं, "बस, पुरे." पडदा कोणी पाहिला नाही. संध्याकाळच्या गाडीला मंडळी आमच्याच पुऱ्यांचा डबा घेऊन गेली. पुढे इतरही आले. पडद्याचं निमित्त सर्वांना सुचलं असं नाही, पण नकार सर्वांना सुचला.

आता त्या खोलीचं काय झालं ते सांगतो. भिंती मळकट वाळूच्या रंगाच्या झाल्या. शोकेस गेलं. माझी लोखंडी कॉट शेडमध्ये गेली आणि फक्त रात्री झोपण्यापुरती आत येऊ लागली. भाड्यानं आणलेला एक लांबलचक सोफा आला, ज्यावर मी झोपू नये अशी त्या तरुणीची विनंती होती. ("डाग पडला तर माझ्या पगारातून जाईल हो, काका.") पूर्वीच्या ट्यूबलाइटहून कमी उजेड देणारा एक दिवा आला आणि कशाचंच नसलेलं एक मोठं चित्र आलं. मधली सगळी जमीन रिकामी.

"स्पेस ब्रीद करायला पाहिजे," ती म्हणाली.

"मी इथे तेच करत होतो," मी म्हणालो.

जाहिरातीसाठी फोटो काढले तेव्हा मला व्हरांड्यात बसवलं.

खिडकीखाली, जिथे दर उन्हाळ्यात कूलर लावतो, तिथली भिंत पाणी पिऊन पिऊन आतून भुसभुशीत झालेली आहे. बोट लावलं की पापुद्रा सुटतो. तिथे तिनं उभ्या लाकडी पट्ट्यांचं एक देखणं पॅनेल ठोकून घेतलं. पहिलं गिऱ्हाईक आदर्श नगरातलं डॉक्टर जोडपं. बाईंनी त्या पॅनेलवरून हात फिरवला आणि त्याचंच सर्वांत जास्त कौतुक केलं. मी सही करीन, निदान पुढेमागे वितळेन, अशी माझ्या मुलीची समजूत असावी. सौदा बयाण्यापर्यंत आला. मी त्यांना पत्र लिहिलं. पॅनेलच्या मागे काय आहे, कशामुळे आहे आणि ते न सांगता विकणाऱ्यावर काय जबाबदारी येते, हे मुद्देसूद लिहून पोचपावतीसह पाठवलं. दोघं पुन्हा आले नाहीत.

मुलगी बँकेतून आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"पत्र तुम्ही पाठवलंत?"

"लपलेला दोष खरेदीदाराला सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. उद्या दावा तुझ्यावर लागला असता."

"मतलब, भिंतीचं सांगायचं."

"हो."

"पायाचं नाही."

"माणूस म्हणजे माल नव्हे," मी म्हणालो.

"खरं आहे. मालासाठी तुम्ही पत्र तरी लिहिता."

मी आयुष्यभर रेल्वेच्या दावे विभागात नोकरी केली. वाटेत फुटलेल्या, भिजलेल्या मालाची भरपाई मागणाऱ्यांना ती का मिळणार नाही, हे कळवणं माझं काम होतं. 'माल मुळातच सदोष' व 'बांधणी अपुरी' या दोन कारणांत बहुतेक दावे बसत. माझ्या उत्तराला उत्तर फारसं येत नसे. त्या संध्याकाळी मुलीचं आलं, आणि ती आत निघून गेली.

मग त्या पुण्याच्या तरुणीनं तोडगा काढला. "काका, तुम्ही इथेच राहा. घर तुमच्यासकट विकू. घेणाऱ्याला मागचं सगळं लगेच मिळेल, ही खोली नंतर. भाव उतरेल, पण विकलं जाईल."

"कितीनं उतरेल?"

तिनं माझ्या मुलीकडे पाहिलं. "ते... काकांच्या तब्येतीवर आहे."

मला हा व्यवहार बेकायदेशीर म्हणता आला नाही. तो कायदेशीरच होता. दोन दिवसांनी मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या पाहुणे येणार आहेत. निळा शर्ट घाला. विचारतील तेवढंच बोला."

वाक्य माझंच होतं, फक्त साडी बदलली होती.

आला तो एक रत्नांचा व्यापारी आणि त्याची आई. व्यापाऱ्यानं घराकडे फारसं पाहिलं नाही. माझ्या समोर बसून तो माझ्याकडे पाहत राहिला. ज्याचा धंदाच खड्यातली चीर शोधण्याचा, तो जसा पाहील तसा. बोलली ती म्हातारी.

"भाईसाहब, शुगर है?"

"नहीं."

"बीपी?"

"नहीं."

"आपके पिताजी कितने साल के होके गए?"

मी नव्वदीच्या पुढचा आकडा सांगितला. दोष लपवायचा नाही, तर गुणही लपवता येत नाही. मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग म्हातारी हसतमुखानं म्हणाली, "ज़रा उस खिड़की तक चलके दिखाइए ना, भाईसाहब. आजकल घुटने किसके ठीक हैं."

टीपॉय नव्हता. गालिचा नव्हता. दारापासून खिडकीपर्यंत नुसती जमीन होती. मी उठलो आणि चाललो. आतल्या दारात मुलगी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मी खिडकीला हात लावून परत येईपर्यंत ती आत आली नाही. चहा निवला असणार. मी मुद्दाम ताठ चाललो, ही गोष्ट मी नाकारत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना तिनं बातमी दिली.

"नकार आला."

"कारण?"

"मुलाची तब्येत फार चांगली आहे म्हणे."

आणि ती हसायला लागली. ताटावर वाकून, पोळीचा तुकडा हातात धरून हसली. ठसका लागला. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी होता. मी तो पुढे केला नाही, तिनंही मागितला नाही.

ठसका थांबल्यावर तिनं हात धुतले आणि बक्षीसपत्र काढलं. बँकेत वाचते तसं वाचलं, ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवत.

"समोरची खोली. न्हाणीघर. कडुलिंब, नळ, विजेचं मीटर. सगळं आहे. बाबा, स्वयंपाकघर कुठे आहे यात?"

"ते गृहीत आहे."

"गृहीत धरलेलं लिहून द्यावं लागतं. तुम्ही लोकांना हेच कळवायचात ना?"

मी कागद तिच्या हातातून घेतला. मसुदा माझा होता; वकिलावर विश्वास न ठेवता मी एकेक भिंत फुटांत मोजून लिहिली होती. स्वयंपाकघर नव्हतं. विसरलो असंही म्हणवत नाही. ती जागा मला कधी लागलीच नव्हती. चहा टीपॉयवर येत असे.

घर तिनं विकलं नाही. समोरची खोली व न्हाणीघर सोडून सगळं घर पलीकडच्या गल्लीतल्या गेस्ट हाऊसवाल्याला भाड्यानं दिलं. जगतपुऱ्याचा फ्लॅट विकत घेणं जमलं नाही, तर तोच भाड्यानं घेतला. पुण्याची तरुणी सोफा, दिवा आणि चित्र घेऊन गेली. पॅनेल ठोकलेलं असल्यामुळे राहिलं. जुना सोफा व माझी कॉट परत आली. आतलं दार पलीकडून कडी घालून बंद झालं. जायच्या सकाळी मुलीनं टीपॉय शेडमधून स्वतः उचलून आणला, पुसला आणि बंद दाराला लावून ठेवला. त्यावर विजेची किटली, दोन कप आणि ट्रे.

"इथेच असायचा ना," ती म्हणाली.

आता दोन वेळचा डबा बाहेरून येतो, त्यात तिखट जास्त असतं. पलीकडे बॅगांची चाकं फिरतात. राहण्याच्या हक्कात अन्न शिजवण्याचा हक्क अंतर्भूत आहे, असं प्रतिपादन करणाऱ्या नोटिसा मी मुलीला पाठवल्या. पैकी एकीला उत्तर आलं, फोनवर, एका ओळीत: हक्क मागणाऱ्यानं आधी स्वयंपाक येतो हे सिद्ध करावं. मी त्यालाही उत्तर दिलं आहे. ते चार पानी आहे.

रविवारी ती येते. रस्त्याकडच्या दारानं येते, सोफ्यावर बसते. मी चहा करतो. टीपॉय एका टोकाला आहे आणि सोफा आता खिडकीपाशी, पॅनेलला लागून. मधे सबंध खोली. या थंडीत माझा डावा गुडघा धरायला लागला आहे. त्या व्यापाऱ्याला आता यायला हरकत नाही. गेल्या रविवारी ट्रे घेऊन मी निघालो तेव्हा तिची नजर कपांवर नव्हती, माझ्या पायांवर होती. अर्ध्याच्या पुढे आलो असेन.

"बस, पुरे," ती म्हणाली.

ती उठली नाही. मी थांबलोही नाही. जाऊन ट्रे तिच्यासमोर धरला. तिनं कप उचलला आणि साखर कमी आहे म्हणून सांगितलं.

किटलीला पुरेल अशी एक्स्टेंशनची वायर बाजारात मिळते. टीपॉय सोफ्याशेजारी ओढून घेतला तर दोन पावलांचं काम आहे. खोली माझी आहे, तिच्यात काय कुठे ठेवायचं हे ठरवण्याचा अधिकार हयातभर माझा आहे, आणि टीपॉय मी आहे तिथेच ठेवला आहे.