गुंग आणि गुंगी

आमच्याकडं ‘गुंग’ ही शिवी नव्हे. भात कापणारी बाई हाकेला वर बघेना, तर म्हणायचं, गुंग हाय ती, राहू दे. गुंगी वेगळी. गुंगी ताडीनं येते, तापानं येते. गुंग माणूस आपल्या कामाच्या आत असतो, गुंगीतला कुठंच नसतो. दिग्गीपासून बाजारकुणंगपर्यंत कुणालाही विचारा, हा फरक सांगेल. मलाही तो माहीत होता. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून कुणी मला अडाणी समजून सोडून देऊ नये.

मी आणि दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, कुळगीच्या रानात सागवान चिरत होतो. चर खणायचा, त्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकानं ओंडक्यावर उभं राहायचं, एकानं खाली चरात, आणि दोघांनी लांब करवत ओढायची. वरच्याची नजर कोळशाच्या रेघेवर. फळी सरळ निघते ती त्याच्यामुळं, आणि नावही त्याचंच होतं. खालच्याच्या वाट्याला भुसा. सात वर्षं मी खाली होतो. डोळे कायम लाल, खोकला कायम.

दाजी रेघेला लागले की त्यांना भूक नाही, तहान नाही. थांबा म्हणून मी खालून ओरडलो तरी आणखी चार हात ओढून झाल्यावर त्यांना ऐकू जायचं. लोक कौतुक करायचे. मला मात्र चीड यायची. गुंग ते व्हायचे आणि खांदे माझे भरून यायचे.

एका सकाळी चढावर रेडे ओंडका ओढत होते. साखळी तुटली आणि ओंडका सुटला. वरून हाका आल्या, सगळे पळाले. मी करवत सोडून चराच्या तळाशी बसलो आणि ओरडलो. दाजींना काहीच ऐकू गेलं नाही. करवत एकदम जड झाली म्हणून त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “वड की.” तेवढ्यात ओंडका त्यांच्या उजव्या पायावरून गेला. गुडघ्याखाली हाड उरलं नाही.

चौथ्या दिवशी चौकशीला जंगलखात्याचा साहेब आला, बरोबर कारकून. बाकीचे पळाले, मग हाच का नाही पळाला, असं साहेबानं कानडीत विचारलं. मुकादमानं मला पुढं केलं. मी मराठीत बोललो.

“गुंग झालते, साहेब.”

कारकून घाटावरचा कानडी, रानात नवा, मराठी मोडकीतोडकी. त्यानं मान वर न करता विचारलं, “म्हणजे शुद्ध नव्हती?”

“न्हाई. रेघंला लागलं की त्यास्नी कसली शुद्ध?”

त्यानं लिहिलं, आणि रीतीप्रमाणं कानडीत वाचून दाखवलं. त्यात ‘अमलु’ हा शब्द होता. अमलु म्हणजे नशा. कानडी मला येते, आमच्याकडं कुणाला येत नाही? तो शब्द मी स्वच्छ ऐकला. दाजी शिमग्यालासुद्धा ताडीला तोंड लावत नव्हते. हे मुकादमालाही ठाऊक होतं, पण तो झाडाकडं बघत उभा राहिला. कारकुनानं शाईची डबी पुढं सरकवली. मी अंगठा दिला.

नशेत पाय गमावणाऱ्याला ना औषध, ना बसून करायचं काम. खोपही रिकामी करायला लावली. चौघांनी दाजींना डोलीत घालून गावी नेलं. त्याच आठवड्यात मुकादमानं मला वरच्या जागी चढायला सांगितलं आणि मी चढलो.

कारकुनाकडं मी गेलो ते महिन्यानं, आणि तेही आक्कानं निरोप धाडला म्हणून. गुंग म्हणजे कामात बुडालेला, हे त्याला समजावून सांगितलं. तो कागदावर रेघा आखत होता. म्हणाला, गुंग काय आणि गुंगी काय, दोन्हीत माणसाला शुद्ध नसते, आणि शेत पुन्हा नांगरता येतं, कागद नाही. त्याच्या तोंडातलं पान मला आजही दिसतं. आजही त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला वाटतं. पण त्यानं मला विचारलं तरी होतं. तेव्हाच नीट बोललो असतो तर भागलं असतं.

तांदळाचं गाठोडं घेऊन आक्काकडं गेलो. ती दारातच उभी राहिली.

“तुला गुंग म्हंजे काय, ठावं न्हवतं?”

“हुतं, आक्का.”

“मग त्यो वाचत हुता तवा तुझं तोंड कुठं गेलतं?”

मी भ्यालो, असं सांगितलं.

“भ्याला न्हाईस,” ती म्हणाली. “तुला वर चढायचं हुतं.”

आतून दाजींचा आवाज आला, त्याला पाणी दे आणि वाटेला लाव. तिनं पाणी दिलं नाही. गाठोडं माझ्या हातातच राहिलं.

ती म्हणाली ते खरं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. वरच्या जागेचा विचार केल्याचं मला आठवत नाही. अंगठा टेकवताना डोळ्यांत भुसा खुपत होता, एवढं आठवतं.

वर उभं राहून मला कधी जमलं नाही. कान सारखे चढाकडं लागलेले, फळ्या वाकड्या निघायच्या. दोन हंगामांनी मुकादमानं एका दुसऱ्याला वर घेतलं आणि मला पुन्हा चरात उतरवलं. तिथंच माझी उमर गेली.

दाजी कुबडीवर बरीच वर्षं चालले. वाटेत भेटले तर पिकापाण्याचं दोन शब्द बोलायचे. आक्का बोलली नाही. तिच्या लेकीच्या लग्नाची अक्षत मला आली ती शेजाऱ्याच्या हाती. पंगतीत मी कडेला बसलो. वाढायला तीच होती. माझ्या पानावर तिनं हात आखडला नाही. भात वाढला, आमटी वाढली, आणि तोंडाकडं न बघता पुढच्या पानाकडं सरकली.