सक्करची कार्डं

भाटघरच्या धरणावर उत्रोलीच्या ठकुबाईनं सहा वर्षं चुन्याच्या पाट्या वाहिल्या. नवरा पटकीत गेला आणि दुसऱ्याच महिन्यात ती कामावर लागली. घरात ती आणि सासू अशा दोघीच उरल्या होत्या, आणि भाताचं जे खाचर होतं ते दोघींना चार महिनेसुद्धा पुरत नव्हतं. पहिल्याच दिवशी भरलेली पाटी डोईवर घेताना तिची मान लचकली. मागून एका बाईनं पाटीला हात दिला.

"चुंबळ मोठी कर गं," ती बाई म्हणाली. "येवढ्याशा चुंबळीवर कुटं पाटी बसती व्हय?"

ती बद्रुन्निसा, भोरच्या पेठेतली. तिचा नवरा अमजद धरणावरच छिन्न्या-पहारींना धार लावायचा. त्याच टोळीत वेल्ह्याकडची बनाबाई होती. तिघींचं सूत जमलं. दुपारी एकाच करंजाच्या झाडाखाली बसायच्या, भाकरी आपापली असायची, पण कोरड्यास मात्र इकडचं तिकडं व्हायचं. घरी कुणी ते सांगत नसे.

अठ्ठावीस साली धरण पुरं झालं आणि टोळ्या पांगल्या. अमजदला सिंधमध्ये सक्करला नदीवर मोठा बंधारा बांधायचं चाललं होतं तिथं काम मिळालं. बनाबाई भावाबरोबर नगरकडच्या एका साखर कारखान्यावर गेली. निघायच्या दिवशी मोटारीपाशी बद्रू ठकुबाईला म्हणाली, "कार्ड टाकीन."

"आन् वाचंल कोन?"

"शफीदादा हाय न्हवं. त्याच्या दुकानावर टाकीन, तो वाचंल तुला."

शफी हा बद्रूचा थोरला भाऊ. पेठेत त्याचं शिंपीकामाचं दुकान होतं. ठकुबाईनं मान हलवली. मोटार गेली तरी ती बराच वेळ तिथंच उभी होती.

पुढे दोन महिने हाताला काम नव्हतं. मग कळलं, की भोरात पेठेमागं गावातल्या काही मंडळींनी बाळंतिणींसाठी चार खाटांचा दवाखाना काढलाय आणि तिथल्या नर्सबाईंना हाताखाली एक बाई हवी आहे. ठकुबाई गेली. नर्सबाई म्हणजे रतनबाई, पुण्यात शिकून आलेल्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी आधी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. चुन्यानं बोटांची टोकं खाल्ली होती.

"गरम पाणी सोसतं?" त्यांनी विचारलं.

"चुना सोसला बाई, पान्याचं काय."

"उद्यापासून ये. नखं काढून ये."

घरी सासूनं, अंबूबाईनं, डोक्याला हात लावला. "दुसऱ्याच्या घानीत हात घालायचा? लोकं काय म्हंतील?"

"चुन्यात घातला तवा हात जळला, आत्याबाई. ह्यात निदान धुऊन तरी निघंल."

अंबूबाई दोन दिवस कुरकुरत राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र ठकुबाईच्या आधी उठून तिनं भाकऱ्या थापून ठेवल्या.

काम तसं अंगवळणी पडत गेलं. कात्र्या उकळायच्या, फडकी उकळून उन्हात वाळवायची, बाळंतिणीची पाठ शेकायची. चुकलं तर रतनबाई ओरडत नसत, तेच काम पुन्हा करायला लावत. एकदा त्यांनी तिला सात वेळा हात धुवायला लावले होते. संध्याकाळी उत्रोलीच्या वाटेनं परतताना ठकुबाईला एकेक गोष्ट बद्रूला सांगावीशी वाटे. आज अमकीला जुळी झाली, आज तमकीची सासू दारातच भांडली. पण सांगायचं कसं? शफीच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक कुडत्याचं माप देत असताना, बाळंतपणाच्या गोष्टी कार्डावर लिहायला सांगायच्या?

कार्डं येत होती. शफी मशीन थांबवायचा, चष्मा पुसायचा आणि वाचायचा, "इकडील सर्व खुशाल. तिकडील खुशाली कळवावी. बद्रुन्निसा तुमची आठवण काढते." खाली अमजदचं नाव. पुढचं कार्ड तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. ठकुबाई सांगायची, "लिवा, इकडं बी समदं खुशाल हाय." आणि उठायची. त्या कार्डांत अमजद होता, शफी होता. बद्रू काही तिला कुठं दिसेना. बनाबाईला पाठवलेलं कार्ड तर पत्ता लागत नाही असा शेरा घेऊन परतच आलं.

दवाखान्यात लागून वर्ष झालं असेल, तेव्हा ती गोष्ट घडली. एका बाळाचे डोळे चिकटले होते. रतनबाईंनी डोळे धुवायचं औषध मागितलं. ठकुबाई बाटल्या उंचीवरून आणि बुचावरून ओळखायची, पण आदल्या दिवशी कुणी तरी बुचं बदलली होती. तिनं बाटली आणून दिली. रतनबाईंची सवय अशी, की वास घेतल्याखेरीज काही वापरायचं नाही. त्यांनी वास घेतला, बाटली बाजूला ठेवली, स्वतः उठून दुसरी आणली आणि बाळाचे डोळे धुतले. मग हात धुता धुता म्हणाल्या, "ती बाटली फरशी पुसायच्या औषधाची होती. डोळ्यात गेली असती तर पोर आंधळं झालं असतं."

ठकुबाई खाली बसली.

"बाई, म्या उद्यापासनं येत न्हाई."

"येऊ नकोस, नाहीतर वाचायला शीक," रतनबाई म्हणाल्या. "दोन्हीतलं काय करायचं ते तू ठरव. मी शिकवीन, पण लाड करणार नाही."

ठकुबाई दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आली. दुपारी बाळंतिणी झोपल्या, की ओसरीवर ती अक्षरं गिरवायची. अठ्ठावीस-एकोणतीसची बाई, कमरेला किल्ल्या, आणि "ग गवताचा" म्हणत बसलेली. येणारी-जाणारी पोरं हसायची. खोकल्याच्या औषधाचं नाव तिनं पहिल्यांदा स्वतः वाचलं त्या दिवशी ती बाटली हातात धरून आतबाहेर करत राहिली, आणि रतनबाईंनी ती काढून घेईपर्यंत तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

तीन-चार महिन्यांनी सक्करचं नवं कार्ड आलं, तेव्हा तिनं शफीच्या हातून ते ओढूनच घेतलं.

"द्या हिकडं. म्याच वाचती."

तिनं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, उलटं केलं. एक अक्षर लागेल तर शपथ. सगळ्या गाठी आणि वेलांट्या. शफी हसू दाबत होता.

"भाबी, ही मोडी हाय. तुमी शिकलाय ती बाळबोध. अमजदला काय ठावं?"

ठकुबाईला रडू येईल की काय असं झालं, मग तिलाच हसू फुटलं. त्या आठवड्यात तिनं आपल्या हातानं कार्ड लिहिलं. चार ओळींना तीन दुपारी गेल्या. "बद्रू, म्या लिवायला शिकले. हे माझं अक्षर हाय. मोडी कळत न्हाई. बाळबोध लिव. तू दिसत न्हाई कार्डात." पत्ता तेवढा शफीकडून घालून घेतला.

उत्तराला दीड महिना लागला. कार्ड नव्हतं, पाकीट होतं. आत वहीचे दोन कागद, मोठमोठ्या वाकड्या अक्षरांनी भरलेले. बद्रू लहानपणी भोरच्या शाळेत दुसरीपर्यंत गेली होती, हे ठकुबाई विसरूनच गेली होती. तिनं पाकीट दवाखान्याच्या मागच्या पायरीवर नेलं आणि बोटानं एकेक अक्षर धरून वाचायला लागली.

"ठकू, मला थोडं लिहिता येत होतं. पण तुला शफीदादा वाचून दाखवणार. त्याच्या तोंडी काय घालू? आता तूच वाचणार म्हणून लिहिते. इथं गरमी लई आहे. मागल्या साली मला दिवस गेले होते. सातव्यात पोर गेलं. मुलगा होता. हे खुशाल लिहीत होते कारण माझ्या आईला घोर लागंल म्हणून. त्यांचा दोष नाही. पण मी कुणाशी बोलले नाही. आता परत तिसरा महिना चालू आहे. मला भ्या वाटतं."

सगळं पत्र लागायला तिला अर्धी दुपार लागली. मधेच कुणी तरी पाणी मागितलं, ते देऊन ती परत येऊन बसली. खुशाल आहे, खुशाल आहे, असं आपण दुकानात बसून ऐकत होतो आणि तिकडं ही एकटी होती, हे राहून राहून तिच्या मनात येत होतं.

संध्याकाळी तिनं पत्र रतनबाईंपुढं ठेवलं. त्यांनी ते सावकाश वाचलं आणि प्रश्न सांगितले. पाय सुजतात का, डोकं दुखतं का, आधीच्या वेळी अंगावरून रक्त गेलं होतं का. ठकुबाईनं ते सगळं लिहिलं आणि खाली आपल्या मनचं घातलं, "हितं ये. पाचव्याच्या आत निघ. तुझ्या आईचं घर हाय, नर्सबाई हायेत, म्या हाय."

अमजद आधी तयार नव्हता. एवढा लांबचा पल्ला, पोटुशी बाई. मग बद्रूनं त्याला ठकुबाईचं पत्र वाचून दाखवलं. प्रश्नांचा तो कागद ऐकून तो म्हणाला, "हिला बरंच कळायला लागलंय की." रजा घेऊन त्यानं स्वतः तिला कराचीपर्यंत आणि तिथून आगबोटीनं मुंबईला आणलं. पुढं पुणं, आणि पुण्याहून मोटार.

बद्रू उतरली ती ओळखू येईना, इतकी वाळली होती. ठकुबाईनं तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबून पाहिला.

"काय करतीस गं?" बद्रू म्हणाली.

"सूज बगती. चल, बस आधी."

चार महिने बद्रू आईकडं होती. ठकुबाई एक दिवसाआड जायची. मीठ कमी करायला लावलं, दूध प्यायला लावलं, आणि शेजारणींनी सांगितलेले काढे परस्पर मोरीत ओतले. त्यावरून बद्रूच्या आईशी, गुलजारबीशी, तिचे दोनदा खटके उडाले. "माझ्या सात पोरांना काढंच दिलं," म्हातारी म्हणायची. "त्यातली किती ऱ्हायली, चाची?" असं ठकुबाईच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. म्हातारीनंच मग दोन दिवसांनी काढ्याचं भांडं पालथं घालून ठेवलं.

दिवस भरले. सकाळी कळा सुरू झाल्या, ऊन डोक्यावर आलं तेव्हा वेळ जवळ आली. रतनबाई हात धुऊन आल्या, पाहिलं, आणि बाजूला सरकल्या.

"आज तू पुढं हो," त्या ठकुबाईला म्हणाल्या. "मी इथंच आहे."

फार काही अवघड झालं नाही. बद्रूनं एकदा तिचं मनगट इतकं घट्ट धरलं, की आठवडाभर काळंनिळं होतं. मुलगी झाली, भरल्या अंगाची, आणि आल्या आल्या तिनं दवाखाना डोक्यावर घेतला. गुलजारबी दाराआडून विचारत होती, "रडतंय नव्हं? रडतंय नव्हं?" एवढ्या आवाजात तिला कुणाचं 'हो' ऐकूच येत नव्हतं बहुतेक.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर बद्रू परत सक्करला गेली. ठकुबाई रडली, पण पहिल्या वेळेसारखी नाही. पुढच्या साली रतनबाईंनी खटपट करून तिला दाईचं शिक्षण घ्यायला पुण्याला धाडलं. तिथं ती वर्गातली सगळ्यात थोराड विद्यार्थिनी होती. परीक्षेत दुसऱ्यांदा बसून पास झाली. पहिल्यांदा नापास झाल्याचं तिनं फक्त बद्रूला कळवलं होतं.

चौतीस साली तिला वेल्ह्याला नेमलं. एक खोली, एक खाट, औषधांचं एक कपाट. महिना गेला, कुणी आलं नाही. बायका पाण्याला जाताना खोलीकडं बघायच्या आणि पदर सावरून पुढं व्हायच्या. त्यांची सुईण होती, सखूबाई नावाची म्हातारी, तिच्यावर त्यांचा भरवसा. बनाबाईचं गाव ह्याच भागातलं, म्हणून ठकुबाईनं तिची चौकशी केली, पण त्या घराला कुलूप होतं आणि भाऊ कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं बद्रूला लिहिलं, "हितं मला कुनी इचारत न्हाई. परत भोरला जावं म्हंते."

बद्रूचं उत्तर आलं. तिची अक्षरं आता सरळ झाली होती. "भोरला कशाला? खोलीत बसून वाट बघू नको. त्या सखूबाईच्या घरी जा. तिला वाईट बोलू नको. माझ्या आईशी जशी भांडलीस, तसं तर अजिबात नको. तिच्याबरोबर जा आणि तिच्या हाताखाली उभी राहा. मुलगी चालायला लागून दोन वर्षं झाली, आता झाडावर चढते."

ठकुबाईला आधी राग आला. पुण्याचा दाखला असताना अडाणी सुईणीच्या हाताखाली उभं राहायचं? दोन दिवस ती तणतणत राहिली. तिसऱ्या दिवशी सखूबाईच्या दारात जाऊन बसली. म्हातारी भात पाखडत होती. तिनं मान वर केली नाही.

"काय काम काडलं?"

"काम काय न्हाई, मावशी. तुमच्या संगं यावं म्हंते. तुमचं बगून शिकीन, आन् माज्याजवळ साबन, कातर हाय, ती तुमाला व्हईल."

म्हातारी पाखडतच राहिली. सूप रिकामं झालं, तेव्हा तिनं ते ठकुबाईपुढं सरकवलं. "हे धर. कनी निवड."

त्या पावसाळ्यात दोघींनी मिळून अकरा बाळंतपणं केली. कात्री उकळण्यावरून रोज वाद होई, आणि रोज कात्री उकळली जाई. दिवाळीच्या आधी एका रविवारी ठकुबाई बद्रूला हे सगळं लिहायला बसली. अर्धा कागद झाला नसेल, तोच सखूबाई दारात येऊन उभी राहिली. धारेवरच्या वाडीचं बोलावणं होतं.

"लिवनं मागनं कर," म्हातारी म्हणाली. "पयलटकरीन हाय. दोघी जाऊ."

ठकुबाईनं कागद उशाखाली सारला आणि पिशवी उचलली. पत्र तिनं दोन दिवसांनी पुरं केलं. त्यात त्या पयलटकरणीला मुलगा झाल्याचं होतं, बाळंतीण बरी असल्याचं होतं, आणि खाली लिहिलं होतं, "म्या हितंच ऱ्हाते."